कोपरा आधी

दोन कापडी बॅगा आल्या कुरियरनं,
वॉटरप्रूफ, वर लिहिलेलं तरी तसंच होतं.
पहिल्याच चकरेत उजवीचं बूड सायलेन्सरला टेकलं.
शाल जळाल्याचा वास मला
नळदुर्गाच्या अलीकडं आला.

पेटी घ्या, म्हणाले ऑफिसातले घोणसीकर,
ॲल्युमिनियमची, कुलपाची.
किंमत सांगून स्वतःच गप्प झाले.

मागच्या दारी निळा ड्रम पडून होता, तळाला चीर गेलेला.
आत क्षाराच्या पांढऱ्या रेघा, एकीखाली एक,
कुठल्या दिवशी किती उरलं होतं त्याचा हिशेब.
करवतीचं पान दोनदा तुटलं.
तुकडे निघाले, पण गोलाई सोडेनात.
उन्हात टाकले, वर पाटा ठेवला.
पाटा उचलला की पुन्हा पाठ वाकवून बसायचे,
रुसलेल्या पोरांसारखे.
मग उकळतं पाणी, दोन फळ्या, चार क्लॅम्प.
तिसऱ्या दिवशी ऐकलं त्यांनी.
बरंचसं.

मुख्तारभाई लातूरला, गंजगोलाईत, सीटकव्हर शिवतात.
बॅगेत कोपरापर्यंत हात घालून चाचपत म्हणाले,
"कापड चांगलंय ताई. ह्याला हाडच नाही."
हाड मी आणलं होतं,
निळं, जुन्या लुगड्यात गुंडाळून.
त्यांनी ते बाजूच्या कप्प्यात सरकवलं, मशीनकडं वळले.
मी म्हटलं, कोपरा आधी.
चष्म्यावरून पाहिलं त्यांनी.

आप्पा गवंडी होते.
भूकंपानंतर दोन-तीन सालं ते गावोगाव
उभ्या राहिलेल्या घरांना पट्टे बांधत हिंडले,
दाराच्या वर एक, छताच्या खाली एक,
कोपऱ्यात सळई वळवून भिंतीला भिंत शिवलेली.
शिवलेली. हाच शब्द वापरायचे.
मी डबा घेऊन जायची, नऊ वर्षांची असेन.
"भित मधनं फाटत न्हाई बाय,
कोपऱ्यातनं सुटती.
मधलं मग नुसतं बघत राहतं."

तर कोपरे. मळणीयंत्राच्या जुन्या पट्ट्याचे तुकडे,
आत कापड भरलेलं रबर, सुरीला दाद न देणारं.
भोक, रिव्हेट, आणि आतून रुंद वॉशर,
नाहीतर रिव्हेट कापड खातो आणि बाहेर येतो.
सायलेन्सरच्या बाजूला नंबरप्लेटवाल्याकडचा पत्रा,
मध्ये दोन बोटांची फट, हवेला.
टाका नायलॉनचा, मेण लावून.
मुख्तारभाईंनी पैसे शिवणीचेच घेतले.
"कोपरे तुमचे," म्हणाले.

रविवारी दोन्हीकडं सात-सात किलो तूरडाळ भरली,
औसा सोडलं.
पुढं कुठंतरी डांबर संपलं.
खड्डे मी मुद्दाम चुकवले नाहीत.
डोळे पुढं, कान मागं.

फाट्यावर चहावाल्यानं विचारलं,
"कुठं निघालाव, लडाखला का?"
सध्या डाळ फिरवून आणते, म्हटलं.
तो हसला. मग बॅग अंगठ्यानं दाबली,
पुन्हा दाबली, आणि पेल्यात चहा जरा जास्त ओतला.

डावीकडचा मागला एक रिव्हेट गेला होता.
एकच. वाटेत कुठं, कळलं नाही.
भोकावरून बोट फिरवलं,
आत वॉशर खुळखुळत होता. कोपरा जागेवर.

तिथून चार किलोमीटरवर एक शाळा आहे.
जायचं ठरलं नव्हतं.
कुलूप होतं, रविवार. आवारात एक शेळी.
खिडक्यांच्या वरचा पट्टा रंगाच्या खालून अजून कळतो,
दंडावरच्या जुन्या टाक्यासारखा.
मी भिंतीचा कोपरा अंगठ्यानं दाबून बघितला.
शेळी बघत राहिली.

मग डाळीसकट परत.
उद्या रिव्हेट आणायचे आहेत,
चार एमएमचे नाही,
पाचचे.